जुनी गाडी नावावर करताना अर्ज नेमका कुठे अडतो

सेकंड हँड गाडी घेताना माणसं इंजिनाचा आवाज ऐकतात, टायर दाबून बघतात, ओळखीचा मेकॅनिक सोबत नेतात. कागद मात्र आरटीओतून अर्ज परत आल्यावरच नीट वाचले जातात. तोवर पैसे गेलेले असतात आणि विकणारा फोन उचलत नाही.

नेहमीचं काम फार नाही. 'वाहन' या सरकारी पोर्टलवर अर्ज आणि शुल्क, विक्रीची सूचना देणारा फॉर्म 29, दोघांच्या सह्यांचा फॉर्म 30, मूळ आरसी (गाडीचं नोंदणीपत्र), चालू विमा, पीयूसी, पॅन, पत्त्याचा पुरावा, चासी नंबरची (गाडीच्या सांगाड्यावर कोरलेल्या नंबरची) पेन्सिल प्रिंट. यात सहसा कोणी अडकत नाही.

अडकतात ते बोज्यात, म्हणजे गाडीवरच्या कर्जाच्या नोंदीत. आरसीवर फायनान्स करणाऱ्या बँकेचं नाव अजून असतं आणि विकणारा म्हणतो, "हप्ते केव्हाच फिटलेत." ते खरंही असतं, पण आरटीओला हप्त्यांशी देणंघेणं नाही. ही नोंद काढायला बँकेच्या सही-शिक्क्याचा फॉर्म 35 आणि ना-हरकत पत्र लागतं. हे पत्र बँकेने कर्ज फिटलं तेव्हाच दिलेलं असतं, मालकाने कपाटात ठेवलेलं असतं आणि त्यावर छापलेली मुदत, बहुधा तीन महिन्यांची, कधीच उलटलेली असते. मग नवं पत्र मागा. बँकच राहिली नसेल तर ती जिच्यात विलीन झाली तिच्याकडे जायचं. आरसीवर देना बँक असेल तर 2019 पासून पत्ता बँक ऑफ बडोदाचा. कर्ज देणारी पतसंस्था अवसायनात गेली, म्हणजे गुंडाळली जात असेल, तर तिचा कारभार मिटवणाऱ्या अवसायकाला गाठा, आणि वेळ हाताशी ठेवा. कर्ज तुमचं नसल्यामुळे बँक तुम्हाला दारात उभं करणार नाही. ही धावपळ विकणाऱ्याचीच, म्हणून ती इसार देण्याच्या टप्प्यावरच करून घ्या. पूर्ण पैसे हातात पडल्यावर कोणालाही बँकेत जायला सवड नसते.

दुसरी अडचण मोबाइल नंबरची. ओटीपी जातो तो गाडीच्या नोंदीतल्या नंबरवर, आणि तो नंबर कधी बंद पडलेला असतो, कधी गाडी नवी घेताना शोरूमने टाकलेला त्यांचाच असतो. विकणाऱ्याला आधी नंबर बदलून घ्यायला लावा. त्याच पोर्टलवर थकलेली ई-चलनं आणि गाडी काळ्या यादीत आहे का, हेही दिसतं. गाडी 1 एप्रिल 2019 पूर्वीची असेल तर नवी सुरक्षा नंबरप्लेट बसली आहे का, ते बघा. प्लेटच्या मुदती वाढत गेल्या म्हणून लोक निवांत राहिले, पण प्लेट नसेल तर मालकी बदलाचं कामच थांबतं.

आता तारखा. गाडी राज्यातल्या राज्यात विकली तर मोटार वाहन कायद्याच्या कलम 50 प्रमाणे विकणाऱ्याने 14 दिवसांत कळवायचं आणि घेणाऱ्याने 30 दिवसांत अर्ज करायचा. हे दिवस हस्तांतरणापासून मोजायचे. बँकेचं पत्र हातात आलं त्या दिवसापासून नाही. एजंट मात्र "तारीख नंतर टाकू" म्हणत कोऱ्या फॉर्मवर सह्या घेतो आणि गाडी दोन-तीन हात फिरते. यात मरण पहिल्या मालकाचं. नोंदीत ज्याचं नाव, अपघाताची भरपाई त्याच्याच माथी, असं सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये नवीन कुमार खटल्यात स्पष्ट सांगितलं आहे. तिथेही गाडी अशीच हातोहात गेली होती. अधिकृत डीलरला गाडी देत असाल तर गाडी डीलरच्या ताब्यात दिल्याचं कळवणाऱ्या फॉर्म 29सी ची नोंद पोर्टलवर झाल्याशिवाय चावी देऊ नका.

आरसीवरचा मालक वारलेला असेल आणि मुलगा गाडी विकत असेल, तर "सही मी करतो ना" यावर विसंबू नका. आधी फॉर्म 31 भरून, इतर वारसांची ना-हरकत जोडून गाडी त्याच्या नावावर झाली पाहिजे. मगच ती तुम्हाला विकता येते.

दिल्लीची स्वस्त गाडी दिसली की हात शिवशिवतात. तिथे दहा वर्षांवरच्या डिझेल आणि पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर बंधनं आली, म्हणून ती स्वस्त. मूळ आरटीओची फॉर्म 28 वरची ना-हरकत, इथला रोड टॅक्स आणि नवा नंबर, हे सगळं किमतीत धरून बघा.

भाड्याने राहणाऱ्यांनी नोंदणीकृत भाडेकरारच जोडावा; शंभरच्या स्टॅम्पपेपरवरचा नोटरी केलेला करार परत येतो. पत्ता लिहिताना फ्लॅट नंबर आणि इमारतीचं नाव गाळू नका, कारण आरसी टपालाने येते आणि अर्धवट पत्त्यावरून ती मुकाट्याने माघारी जाते.

विमा कंपनीलाही 14 दिवसांत कळवा. समोरच्याच्या नुकसानीचं संरक्षण गाडीबरोबर येतं, स्वतःच्या गाडीचं नाही. आणि जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल विम्याच्या हप्त्यात मिळणारी सूट) त्याच्याकडेच राहतो; तो मिळेल असं सांगून कोणी दोन पैसे जास्त मागत असेल तर देऊ नका.