‘६६अ खाली आत टाकीन’ ही धमकी पोकळ का आहे?

धरण असो, आरक्षण असो की झाडतोड, अनोळखी माणसाशी ऑनलाइन वाद चिघळला की एक वाक्य हमखास येतं: “आयटी कायद्याच्या ६६अ खाली केस टाकीन.” घाबरू नका. ऑनलाइन ‘आक्षेपार्ह’ मजकूर पाठवणं गुन्हा ठरवणारं हे माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी श्रेया सिंघल खटल्यात घटनाबाह्य ठरवून पूर्ण रद्द केलं आहे.

त्या याचिकेमागची ठिणगी पालघरची. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदबद्दल एका मुलीने फेसबुकवर लिहिलं, दुसरीने ते लाइक केलं, आणि दोघींना अटक झाली. नुसत्या लाइकसाठी अटक! कलमातले ‘त्रासदायक’, ‘अत्यंत आक्षेपार्ह’ हे शब्द इतके सैल होते की न आवडलेलं कुठलंही मत त्यात कोंबता यायचं. न्यायालयाने नेमकं यावरच बोट ठेवलं. तरीही गुन्हे नोंदवले जातच राहिले; म्हणून ऑक्टोबर २०२२ मध्ये न्यायालयाला पुन्हा बजावावं लागलं की या कलमाखाली कुणावरही खटला चालवता येणार नाही.

बदनामी, जिवे मारण्याची धमकी, समाजांत तेढ पसरवणं हे मात्र भारतीय न्याय संहितेखाली आजही गुन्हेच आहेत.