सामुराईंच्या कपड्यांचे रंग: निळीपासून लाल लोकरीपर्यंत

1185 ची याशिमाची लढाई. जपानातली दोन शत्रू घराणी समोरासमोर: किनाऱ्यावर मिनामोतोंची फौज, समोर समुद्रात तायरांच्या होड्या. एका होडीवर काठीला लाल पंखा लावून तायरांनी आव्हान दिलं की, हिंमत असेल तर पाडा. तो पाडला नासु नो योइची या तरुण धनुर्धराने. पण ‘हेइके मोनोगातारी’ या युद्धकथेत बाण सुटण्याआधी त्याच्या पोशाखाचं वर्णन येतं: गडद निळा अंगरखा, त्याच्या काठांना लाल जरीकापड आणि वर पोपटी गोफाचं चिलखत. गंमत म्हणजे ही कथा गावोगाव गाऊन सांगणारे, बिवा हे तंतुवाद्य वाजवणारे कलावंत बहुतेक अंध असत. तरी रंग एकही सुटत नाही.

त्या काळचं चिलखत म्हणजे रोगण चढवलेल्या चामड्याच्या आणि लोखंडाच्या पट्ट्या, रेशमी गोफांनी ओवलेल्या. या गोफकामाला ‘ओदोशी’ म्हणत. दुरून दिसायचा तो गोफाचाच रंग. निशाणं तर ठरलेलीच होती, तायरांची लाल आणि मिनामोतोंची पांढरी.

योइचीच्या अंगरख्याचा निळा म्हणजे ‘काची’, जवळजवळ काळ्याकडे झुकणारा. रंग धाग्यात मुरावा म्हणून कापड कुटत, त्यावरून हे नाव पडलं असं सांगतात. पण जपानीत ‘काची’ म्हणजे विजयही. एवढा शकुन शिपाईगड्याला पुरे होता. (जपानी निळीचं झुडूप आपल्या निळीहून वेगळं, रंगद्रव्य मात्र तेच.) 2018 च्या फुटबॉल विश्वचषकात जपानी संघाची जर्सी याच रंगाची होती.

‘लाल म्हणजे शौर्य, काळा म्हणजे अमुक’ असे तक्ते इंटरनेटवर पुष्कळ फिरतात. माझा त्यांच्यावर विश्वास नाही. लाल चिलखतांचंच बघा. सोळाव्या शतकातल्या ताकेदा या लढवय्या घराण्यात यामागाता मासाकागे या सरदाराचं पथक लाल चिलखतांसाठी गाजलं. 1582 मध्ये ताकेदा बुडाले, तेव्हा त्यांचे बरेच योद्धे तोकुगावा इएयासु या बलाढ्य सरदाराने आपल्या ई नाओमासा या सरदाराकडे दिले आणि त्याने आपलं सगळं पथकच लाल केलं. पुढे 1614-15 च्या ओसाकाच्या वेढ्यात तोकुगावांकडून ई घराण्याचे लाल स्वार, तर किल्ल्याच्या आतून लढणाऱ्या सानादा युकिमुराचेही लाल. रंगाचा अर्थ होता तो एवढाच, की आम्हाला ओळखा, ताकेदांचा धाक आठवा.

सोळाव्या शतकातच एक नवा लाल आला, तो समुद्रमार्गे. जपानात मेंढपाळी नव्हती, त्यामुळे लोकरीचं कापड म्हणजे अपूर्वाई. गोव्याहून मलाक्का, मकाव करत नागासाकीला जाणाऱ्या पोर्तुगीज व्यापारातून ते येई. चिलखतावर घालायची बिनबाह्यांची ‘जिनबाओरी’ सरदार त्यातून शिवून घेत. सेकिगाहाराच्या लढाईत (1600) ऐनवेळी बाजू बदलणाऱ्या कोबायाकावा हिदेआकीची म्हणून ओळखली जाणारी अशी एक जिनबाओरी तोक्योच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. भडक लाल, पाठीवर एकमेकांवर आडवे ठेवलेले दोन विळे. तिच्यात शौर्य किती ते कोण जाणे, पैसा मात्र लांबूनच दिसतो.

1603 मध्ये सत्ता तोकुगावांच्या हाती आली, आणि त्यांच्या शांततेत रंग विझले. दरबारी पोशाख, ‘कामिशिमो’, दुरून एकरंगी दिसे. जवळ गेल्यावरच बारीक ठिपक्यांची ‘कोमोन’ नक्षी कळे. मोठ्या सरदारांनी आपापल्या नक्ष्या राखून ठेवल्या होत्या. किशू प्रांतातल्या तोकुगावांची नक्षी शार्कच्या कातडीसारखी खरखरीत दिसणारी.

आणि ‘असागी’, हा फिकट हिरवट निळा. एदोत, म्हणजे आजच्या तोक्योत, आलेल्या गावाकडच्या सामुराईंच्या किमोनोला याच रंगाचं सुती अस्तर असे, म्हणून योशिवारा या तिथल्या वेश्यावस्तीतल्या बायका त्यांना ‘असागी-उरा’, म्हणजे असागी अस्तरवाले, म्हणून हसत. सेप्पुकूला, म्हणजे पोट चिरून आत्महत्येला, बसणाऱ्याचा कामिशिमोही याच रंगाचा. 1863 मध्ये क्योतोत शिनसेनगुमी या तोकुगावांच्या बाजूच्या सशस्त्र पथकाने आपल्या अंगरख्यांना नेमका हाच रंग निवडला, तो मरणाची तयारी दाखवायला, असं मानलं जातं. ते अंगरखे फार दिवस टिकले नाहीत. पुढे पथक काळ्या कपड्यांतच फिरू लागलं.