निकाल सगळ्यांचा, पॅरा नंबर कुणाचा?

कोर्टाचे निकाल कुणीही वाचावेत हे सगळ्यांनाच मान्य, पण वाचायचे कुठे याचं उत्तर आपल्याकडे कित्येक वर्षं 'बारच्या', म्हणजे वकील संघटनेच्या, 'लायब्ररीत' एवढंच होतं. आणि तिथे दारातच विचारतात, वकील आहात का? नसाल तर ओळखीचा वकील धरा, त्याच्या नावावर निकालांचा खंड काढा, वर्ष-खंड-पान जुळवा आणि झेरॉक्सवाल्याकडे पळा.

हे जुनंच आहे. १८७५ च्या कायद्याने ठरवलं की सरकारी मालिकेत छापलेले निकाल सोडून बाकी कुठला रिपोर्ट (म्हणजे निकालांचा छापील संग्रह) ऐकायचं कोर्टावर बंधन नाही. पण सरकारी खंड रखडायचे, खाजगी प्रकाशकांचे रिपोर्ट वेळेवर हातात पडायचे, मग वकील तेच उघडायला लागले आणि कोर्टसुद्धा.

खरी गुंतागुंत डिसेंबर २००७ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालात आहे. एका प्रकाशकाने सीडीवर निकाल विकणाऱ्या दोघांवर केस टाकली होती, आमच्या रिपोर्टमधला मजकूर उचलला म्हणून. आता कॉपीराइट कायद्याचं कलम ५२ सरळ सांगतं की कोर्टाने मनाई केली नसेल तर निकाल छापायला कुणाची हरकत नाही. कोर्टानेही तेच धरलं, मूळ निकाल सगळ्यांचा, छपाईच्या चुका काढल्या, इतर रिपोर्टचे संदर्भ जोडले एवढ्यावर तो तुमचा होत नाही. पण पुढे गंमत आहे. हेडनोट, म्हणजे निकालाच्या वर संपादकाने लिहिलेला सारांश, तुमची, ते ठीकच, पण निकालाचे पॅरा पाडून नंबर दिले असतील तर तेही तुमचे, आणि कुठले न्यायमूर्ती सहमत, कुठले असहमत ही संपादकाची नोंदही तुमचीच! पॅरा पाडायला निकाल समजावा लागतो, त्यात डोकं लागतं, असा कोर्टाचा युक्तिवाद. डोकं लागतं हे कबूल, तरी मला हे आजही पटत नाही, कारण कोर्टात उभं राहून 'पॅरा २३ बघावा' म्हणायचं तर तो २३ कुणाच्या तरी दुकानातला. निकाल फुकट आणि त्यातली ओळ सापडायची खूण विकत, असं झालं ना हे.

(याच कलम ५२ मध्ये अजून एक मजा आहे, विधिमंडळाचा कायदा छापायला सूट आहे, पण सोबत भाष्य किंवा स्वतःचा काहीतरी मजकूर हवा. नुसता कायदा छापायला नाही.)

२०२३ मध्ये बरंच सुटलं. सुप्रीम कोर्टाचे निकाल अधिकृत रिपोर्टच्या रूपात ऑनलाइन फुकट आले, आणि निकालाला कोर्टाचाच क्रमांक मिळायला लागला, म्हणजे वर्ष, कोर्टाची खूण आणि नंबर, कुठल्याच प्रकाशकाचं पान नको. निवडक निकाल मराठीत तर त्याआधीच यायला लागले होते.

सरकारी कागदांचं त्यामानाने आधी झालं. जीआरच्या (शासन निर्णयाच्या) शेवटी 'संगणक संकेतांक' असतो बघा, तो सरकारच्या साइटवर टाकला की मूळ प्रत मिळते, मंत्रालयात खेटे नकोत. केंद्राचं राजपत्रही २०१५ पासून ऑनलाइनच निघतं.

राहिली लायब्ररी. माहिती अधिकार कायदा, २००५, कलम ४ मध्ये ऑफिसांनी स्वतःहून जाहीर करायच्या १७ बाबी आहेत, त्यातली पंधरावी म्हणजे लोकांना माहिती मिळवायच्या सोयी, आणि लोकांसाठी वाचनालय असेल तर त्याच्या वेळाही. मी जेवढे तक्ते उघडून बघितले त्यात या रकान्यात एकच शब्द, 'निरंक'.