मनोदर्शी उपचारोत्तर परिचर्या

मनोदर्शी (सायकेडेलिक), म्हणजे काही तास जाणिवा, विचार व भावना तीव्रतेने बदलणाऱ्या औषधांच्या साहाय्याने दिलेल्या मानसोपचारानंतर रुग्णाने स्वतःची घ्यावयाची काळजी. औषधाचा अंमल उतरेपर्यंतची देखरेख, पुढच्या काही दिवसांची झोप व आहार आणि सत्रात जे दिसले-जाणवले त्याची रोजच्या जगण्याशी सांगड, असे तिचे तीन भाग पडतात. तिसऱ्या भागाला ‘इंटिग्रेशन’ म्हणतात. ‘एकात्मीकरण’ हा त्याचा शब्दशः प्रतिशब्द सरकारी परिपत्रकासारखा वाटतो. ‘अनुभव पचनी पडणे’ हा बोलीतला वाक्प्रचार आशयाला अधिक जवळचा आहे.

‘सायकेडेलिक’ हा शब्द कॅनडात काम करणारे ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञ हंफ्री ऑसमंड यांनी १९५६ मध्ये लेखक ऑल्डस हक्सली यांना लिहिलेल्या पत्रात योजला. छापील रूपात तो १९५७ मध्ये आला. हक्सली यांनी सुचवलेला ‘फॅनेरोथाइम’ हा पर्यायी शब्द मागे पडला. उपचारोत्तर परिचर्येचा उगम मात्र असा एका पत्राला बांधता येत नाही. त्या काळी दोन पद्धती होत्या. उत्तर अमेरिकेत एकदाच मोठी मात्रा देऊन त्या एका दिवसाच्या उत्कट अनुभवावर भर दिला जाई. युरोपात रूढ झालेल्या ‘सायकोलिटिक’ पद्धतीत लहान मात्रा अनेकवार देत आणि मधल्या काळात संभाषण, लेखन, चित्रे काढणे चाले. इंग्लंडमधील पॉविक रुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञ रोनाल्ड सँडिसन यांनी १९५० च्या दशकात एलएसडी या मनोदर्शी औषधाची सत्रे घेतली; ‘सायकोलिटिक’ ही संज्ञाही सामान्यतः त्यांच्याच नावावर मांडतात. सँडिसन स्विस मानसशास्त्रज्ञ युंगच्या विचारांकडे झुकलेले होते, त्यामुळे मनाचे विखुरलेले अंश जोडून घेण्याची भाषा तिथून आली असावी, असे एक मत. दुसरे मत हे श्रेय प्रागमध्ये काम सुरू करून १९६७ मध्ये अमेरिकेत गेलेल्या मानसोपचारतज्ज्ञ स्तानिस्लाव ग्रोफ यांना देते. मेक्सिकोतील माझातेक लोकांच्या छत्रक (अळंबी)-विधीतील आधीच्या व नंतरच्या पथ्यांकडे बोट दाखवणारेही अभ्यासक आहेत. यांपैकी पहिले मत अधिक ग्राह्य वाटते. सायकोलिटिक पद्धतीत दोन सत्रांमधला काळ हा उपचाराचाच भाग मानला जाई. सत्रानंतर काही आठवडे टिकू शकणाऱ्या प्रसन्न अवस्थेला ‘आफ्टरग्लो’ हे नाव १९७० च्या सुमारास मनोदर्शी औषधांचे संशोधक वॉल्टर पान्के यांच्या लेखनातून रुळले.

भारतीय परंपरेत याला समांतर म्हणून पंचकर्मातील पश्चात्कर्माचा, म्हणजे मुख्य उपचारानंतरच्या काळजीचा दाखला देता येतो. शोधनानंतर (वमन, विरेचन अशा शुद्धीनंतर) पेया (पातळ पेज), विलेपी (दाट पेज), यूष (कढण), मांसरस या क्रमाने ३ ते ७ दिवसांत नेहमीच्या आहारावर आणणारा संसर्जनक्रम तिथे सांगितला आहे. (मांसरस शेवटी येतो, हे पांढऱ्या रश्श्याच्या कोल्हापूरने ध्यानात ठेवण्याजोगे.) जोतिबाच्या यात्रेत अंगात आलेल्या बाईला नंतर खाली बसवून पाणी देतात, भानावर येईपर्यंत कोणीतरी हात धरून राहते, त्या प्रसंगाशीही तुलना होऊ शकेल, पण साम्य सोबतीपुरतेच आहे.

एलएसडी, सिलोसायबिन (काही अळंब्यांतील द्रव्य) आणि एमडीएमए (‘एक्स्टसी’ नावाने ओळखले जाणारे) हे तिन्ही पदार्थ भारतात १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्याच्या कक्षेत येतात. ऑस्ट्रेलियात १ जुलै २०२३ पासून अधिकृत मानसोपचारतज्ज्ञांना विशिष्ट आजारांसाठी एमडीएमए व सिलोसायबिन देता येते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने ऑगस्ट २०२४ मध्ये एमडीएमएची मान्यता नाकारली. भारतातील त्या कायद्यामुळे कोल्हापुरात हा विषय दोन वाटांनी येतो : परदेशात उपचार घेऊन गावी आलेला रुग्ण, किंवा डॉक्टरांनी नैराश्यासाठी दिलेले केटामाइन. केटामाइन हे १९६२ मध्ये तयार झालेले भुलीचे औषध. काटेकोर अर्थाने ते मनोदर्शी गटात मोडत नाही, तथापि सत्रानंतरच्या काळजीचे नियम बरेचसे तेच. एका मात्रेचा गुण काही तासांत दिसू शकतो आणि बहुधा आठवड्याभरात ओसरू लागतो. गुण ओसरला म्हणजे रुग्ण कमी पडला असे नव्हे, हे घरच्यांना आधीच सांगून ठेवावे लागते.

केटामाइनने रक्तदाब काही काळ वाढतो, डोके हलके होते, मळमळते. नाकात फवारायच्या एस्केटामाइननंतर (हे केटामाइनचेच एक रूप) किमान २ तास देखरेखीखाली बसवतात आणि दुसऱ्या दिवशी, नीट झोप झाल्यावरच, वाहन चालवू देतात. अडचण इथेच येते. बाहेर लावलेली मोटारसायकल दिसली की ‘मला काय धाड भरलीया? गाडी मीच मारतो’ असे म्हणणारा गडी रिक्षात बसायला तयार होत नाही. किल्ली सकाळीच सोबत्याच्या खिशात गेलेली बरी. त्या दिवशी तांबड्या रश्श्याऐवजी ताकभात किंवा मऊ खिचडी. दारू, गांजा व भांग वर्ज्य. तालमीत जाणाऱ्याने जोर-बैठका पुन्हा केव्हा सुरू करायच्या ते डॉक्टरांना विचारावे. बघायला येणाऱ्या पाहुण्यांना दोन दिवस थोपवावे. ‘काय काय दिसलं रे?’ या प्रश्नाला चारचौघांत उत्तर देता देता अनुभवाची गोष्ट होऊन बसते आणि मग ती गोष्टच आठवत राहते. त्याऐवजी शाळकरी वहीत त्याच संध्याकाळी चार ओळी, सुसंगत नसल्या तरी, लिहून ठेवाव्यात. रंकाळ्याची सकाळची फेरी, तीही सोबत घेऊन, पुढच्या दिवसांसाठी पुरेशी. नोकरी सोडणे, जमीन विकणे, सोयरीक मोडणे असे निर्णय काही आठवडे लांबवावेत. सत्रात लख्ख वाटलेले सगळेच नंतर तसे राहत नाही.

एमडीएमएच्या चाचण्यांत प्रत्येक मात्रेच्या सत्रानंतर ९० मिनिटांच्या ३ बैठका ठेवल्या जात. पहिली दुसऱ्याच दिवशी सकाळी. परदेशातून आलेल्याने अशा बैठका अर्ध्यावर सोडल्या असतील, तर घेतलेले औषध व मात्रा इथल्या मानसोपचारतज्ज्ञाला स्पष्ट सांगावी. लिथियम (मनःस्थिती स्थिर ठेवणारे औषध) चालू असताना सिलोसायबिन वा एलएसडी घेतल्यास आकडी येण्याचा धोका नोंदलेला आहे, आणि नैराश्याच्या काही गोळ्यांचे एमडीएमएशी जमत नाही. चालू गोळ्या मनाने बंद करणेही तितकेच धोक्याचे.

झोप उडून बडबड व उत्साह वाढत जाणे, संशय, हलत्या वस्तूमागे रेषा दिसत राहणे, किंवा वारंवार केटामाइन घेणाऱ्याला लघवीला जळजळ, ही लक्षणे दिसल्यास डॉक्टरांच्या पुढच्या तारखेपर्यंत थांबू नये. मरणाचे विचार परतल्यास रुग्णाला एकटे ठेवू नये. शासनाची टेली-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र चालू असते.