स्क्रीनमागच्या डबीची पाठ: कोणती पिन कुठून आली

लक्ष्मी रस्त्यावरचं साड्यांचं दुकान असो, मेट्रोचं स्थानक असो की दवाखान्यातली टोकनची खिडकी, पुण्यात आता भिंतीभिंतीवर स्क्रीन लागल्या आहेत. त्यांवरची चित्रं येणारे-जाणारे बघतात. मागे दुतर्फी टेपनं चिकटवलेली किंवा पट्टीत अडकवलेली दोन बोटं जाडीची डबी मात्र बसवणाऱ्याला आणि दुरुस्त करणाऱ्यालाच दिसते. ही डबी म्हणजे मीडिया प्लेअर, स्क्रीनवर काय दिसायचं ते पाठवणारा छोटा संगणक. तिच्या पाठीवर ओळीनं भोकं असतात: पॉवर, एचडीएमआय, नेटवर्क, यूएसबी, हेडफोनसारखी दिसणारी दोन-तीन गोल छिद्रं आणि स्क्रूवाला हिरवा कनेक्टर. कामावर नवीन आलेला मुलगा हमखास विचारतो, चित्र तर एकाच वायरीतून जातं, मग बाकीची कशाला?

यातलं एकही भोक जाहिरातीच्या स्क्रीनसाठी जन्माला आलेलं नाही. एक टेलिफोनच्या धंद्यातून आलं, एक टेलिप्रिंटरच्या, एक घरच्या टीव्हीच्या. आणि वायरिंगच्या बहुतेक चुका एकाच कनेक्टरच्या आत होत नाहीत, दोन वेगळ्या काळांतले कनेक्टर एकमेकांना जोडताना होतात, असं मी वर्षानुवर्षं बघतो आहे. म्हणून प्रत्येक पिनेचं मूळ गाव माहीत असावं, असं मला मनापासून वाटतं.

सगळ्यात जुनं आहे ते गोल छिद्र. १८७८च्या सुमारास अमेरिकेतल्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर एका ग्राहकाची लाइन दुसऱ्याला जोडायचे, त्यासाठी पाव इंची जॅक आला. प्लगच्या टोकाला टिप, मधल्या कड्याला रिंग आणि मागच्या नळीला स्लीव्ह ही नावं तिथलीच. पुढे ट्रान्झिस्टर रेडिओसाठी त्याचं साडेतीन मिलिमीटरचं धाकटं भावंड निघालं आणि १९७९च्या वॉकमननं ते घरोघरी पोचवलं. प्लेअरवर मात्र हेच छिद्र तीन वेगवेगळी कामं करतं. एकातून आवाज बाहेर पडतो, दुसऱ्यात रिमोटचा इन्फ्रारेड डोळा लागतो आणि तिसरं असतं सिरीयल पोर्ट, म्हणजे प्लेअरनं स्क्रीनला हुकूम द्यायची आणि तिचं उत्तर ऐकायची जागा. प्लग तिन्हींत सारखाच घट्ट बसतो, त्यामुळे बसला म्हणजे बरोबर लागला असं धरून चालता येत नाही. खाली बारीक अक्षरात छापलेलं वाचायलाच हवं.

सिरीयल पोर्ट गोल छिद्रात का शिरलं, याचं कारण निव्वळ जागेचं आहे. त्याचा मूळचा नऊ पिनांचा कनेक्टर तीस मिलिमीटरहून रुंद, आणि प्लेअर दिवसेंदिवस पातळ होत गेले. त्या कनेक्टरचं घराणं डी-सब. अमेरिकेतल्या कॅनन कंपनीनं ते १९५२मध्ये आणलं. त्याच्या मापांना अक्षरं आहेत, आणि नऊ पिनांच्या मापाचं अक्षर खरं तर ई. पण तापकीर गल्लीत जाऊन ‘डीई-नऊ’ मागितलं तर दुकानदार बुचकळ्यात पडेल. सगळे ‘डीबी-नऊ’ म्हणतात, कारण आधीचा पंचवीस पिनांचा कनेक्टर बी मापाचा होता आणि ते अक्षर तोंडात बसलं.

त्या तारांतून बोलली जाणारी भाषा आरएस-२३२. ती १९६०मध्ये टेलिप्रिंटर आणि मोडेम जोडण्यासाठी ठरली. तेव्हा एका टोकाला टर्मिनल, म्हणजे माणूस टाइप करायचा ते यंत्र, आणि दुसऱ्या टोकाला त्याचे संदेश टेलिफोनच्या लाइनवर घालणारा मोडेम हे नक्की असायचं. टर्मिनल ज्या पिनेवर बोलतो, त्याच पिनेवर मोडेम ऐकतो, म्हणून केबल सरळ चालायची. आज आमच्या कामात मोडेम कुठेच नाही. प्लेअरही स्वतःला टर्मिनल समजतो आणि कित्येकदा स्क्रीनही. दोघं एकाच पिनेवर बोलायला लागले की कुणालाच काही ऐकू येत नाही. अशा वेळी दोन तारांची अदलाबदल केलेली क्रॉस केबल लागते. त्यात आणखी एक गुंता आहे. पंचवीस पिनांत टर्मिनल दोन नंबरवर बोलायचा आणि तीनवर ऐकायचा. १९८४मध्ये आयबीएमच्या एटी संगणकावर नऊ पिनांचा कनेक्टर आला, तेव्हा हे नेमकं उलट झालं, तीनवर बोलणं आणि दोनवर ऐकणं. ग्राउंड, म्हणजे दोघांची सामाईक शून्य व्होल्टची तार, सातवरून पाचवर गेला. जुना तक्ता बघून नवी केबल बनवणारा इथेच फसतो.

गोल छिद्रात तर पिनांचे नंबरच नाहीत. स्लीव्ह ग्राउंड, एवढं सहसा ठरलेलं. टिपवर बोलणं की ऐकणं, हे प्रत्येक निर्माता आपापलं ठरवतो. अंदाज न बांधता व्होल्ट मोजणारा मीटर लावावा. आरएस-२३२ची बोलणारी तार गप्प असतानासुद्धा ग्राउंडच्या तुलनेत उणे व्होल्ट दाखवते, साधारण उणे पाच ते उणे बारा. कारण या भाषेत एक म्हणजे उणे आणि शून्य म्हणजे अधिक. उणे दिसली ती बोलणारी, शून्याच्या आसपास राहिली ती ऐकणारी. हा एक मिनिटाचा तपास मला कुणी सुरुवातीलाच शिकवला असता, तर एका दवाखान्यातल्या टोकनच्या स्क्रीनपाशी दोन दिवस वाया गेले नसते. तिथल्या प्लेअरच्या पिनांवर सिरीयल असं छापलं होतं, पण मीटरवर अधिक ३.३ येत होते. ते सिरीयल खरंच होतं, फक्त चिपच्या आतलं, शून्य आणि ३.३ व्होल्टचं. स्क्रीनला हवे होते उणे-अधिक. मध्ये व्होल्ट बदलणारा छोटा बोर्ड घातला आणि स्क्रीननं लगेच उत्तर दिलं. उलट चूक जास्त महागात पडते. आरएस-२३२चे बारा व्होल्ट थेट ३.३ च्या पिनेवर गेले तर चिपच जाते.

एवढा त्रास असूनही हे साठीच्या पुढचं पोर्ट टिकून आहे, याचं उत्तर एचडीएमआयच्या कहाणीत मिळतं. २००२च्या डिसेंबरमध्ये हिताची, मात्सुशिता, फिलिप्स, सिलिकॉन इमेज, सोनी, थॉमसन आणि तोशिबा या सात कंपन्यांनी ते आणलं, घरच्या टीव्हीसाठी. त्याच्या एकोणीस पिनांपैकी बारा चित्र आणि आवाज नेतात. उरलेल्यांत प्लेअर आणि स्क्रीन यांची ओळखदेख चालते. प्लेअर अठराव्या पिनेवर पाच व्होल्ट देतो, स्क्रीन एकोणिसाव्या पिनेवरून मी आहे असं कळवते आणि मग पंधराव्या-सोळाव्या पिनांवरून प्लेअर तिची माहितीची चिठ्ठी वाचतो: रुंदी किती, उंची किती, कोणती रिझोल्यूशन चालतात. ही चिठ्ठी म्हणजे ईडीआयडी. ती १९९४मध्ये संगणकाच्या मॉनिटरसाठी ठरली होती आणि तेव्हा व्हीजीए या मॉनिटरच्या जुन्या कनेक्टरच्या बाराव्या-पंधराव्या पिनांवरून वाचली जायची.

घरी टीव्ही माणूस चालू करतो, म्हणून ही ओळखदेख सुरळीत होते. दुकानात तसं नाही. पुण्यात गुरुवारी देखभालीसाठी वीज जाते, हे इथल्या प्रत्येक दुकानदाराच्या अंगवळणी पडलं आहे. वीज परत आली की प्लेअर आणि स्क्रीन एकदम जागे होतात. प्लेअरनं चिठ्ठी मागितली तेव्हा स्क्रीन अजून झोपेत असेल तर उत्तर येत नाही, आणि काही प्लेअर मग चुकीच्या मापाचं चित्र धरून बसतात किंवा काळेच राहतात. कित्येक स्क्रीन तर स्टँडबायमध्येच अडकतात. शुक्रवारी सकाळी येणाऱ्या तक्रारींतल्या बऱ्याचशा याच असतात. रिझोल्यूशन पक्कं करून ठेवणं हा अर्धा उपाय. दुसरा अर्धा सिरीयलकडे आहे. बोलायची, ऐकायची आणि ग्राउंड अशा त्याच्या तीन तारांवरून प्लेअर स्क्रीनला चालू हो असं सांगू शकतो आणि झालीस का असंही विचारू शकतो. स्क्रीन उत्तर देते. एचडीएमआयच्या तेराव्या पिनेवरही सीईसी नावाची अशीच सोय आहे, युरोपातल्या जुन्या स्कार्ट कनेक्टरकडून आलेली. पण तिचा अर्थ प्रत्येक टीव्ही आपल्या पद्धतीनं लावतो, म्हणून दहा ठिकाणी बसवायचं असेल तर मी तिच्यावर विसंबत नाही.

हिरवा कनेक्टर कारखान्यांतून आला. १९२३मध्ये जर्मनीतल्या एसेनमध्ये सुरू झालेल्या फिनिक्स कंपनीचं नाव त्याला इतकं चिकटलं आहे की कुणीही बनवलेला असला तरी तो फिनिक्सच. भोसरीच्या एमआयडीसीत नियंत्रणाची पॅनेलं बांधणाऱ्यांना तो रोजचाच. डाग न देता, नुसत्या स्क्रू ड्रायव्हरनं तार बसते हा त्याचा मोठेपणा. प्लेअरवर त्यातून बटणं आणि सेन्सर जोडतात. बटणाला वेगळी वीज द्यायची नसते. पिनेवर प्लेअरच्या आतूनच व्होल्ट दिलेले असतात, बटण तिला ग्राउंडला टेकवतं, एवढंच. रिले, म्हणजे कॉइलच्या जोरावर चालणारा स्विच, चालवायचा तर मध्ये ट्रान्झिस्टर आणि कॉइलवर उलटा डायोड हवाच.

यूएसबीबद्दल थोडक्यात. ते १९९६चं, आणि त्यामागच्या इंटेलच्या गटाचं नेतृत्व करणारे अजय भट्ट बडोद्याला शिकलेले. प्लेअरवर ते पेनड्राइव्ह आणि टचस्क्रीनपुरतं.

नेटवर्कच्या सॉकेटनं मात्र आमचं काम खरंच सोपं केलं. क्रिंपिंग, म्हणजे केबलच्या टोकाला प्लग दाबून बसवणं, शिकताना प्रत्येकाला प्रश्न पडतो की आतल्या तारांची नारिंगी जोडी शेजारीशेजारी, मग हिरवी जोडी फुटून निळ्याच्या दोन बाजूंना का? कारण मधल्या दोन पिना टेलिफोनच्या लाइनच्या होत्या. १९९०मध्ये या तारेवरून इथरनेट, म्हणजे संगणकांचं नेटवर्क, आलं, तेव्हा त्यानं त्या दोन सोडून दिल्या आणि फक्त नारिंगी-हिरवी वापरली. २००३मध्ये याच केबलमधून वीज देण्याचं मानक आलं, नेटवर्कच्या स्विचकडून, म्हणजे सगळ्या केबली जिथे येऊन मिळतात त्या डबीकडून, १५.४ वॅट. २००९मध्ये ती तीस वॅटपर्यंत गेली. पेठेतल्या जुन्या वाड्यातल्या दुकानात छताजवळ प्लग नसतो आणि भिंत फोडायला मालक तयार नसतो. तिथे एका केबलवर प्लेअर चालतो.

आता डबीच नाहीशी होऊ लागली आहे. शाळांमधल्या मोठ्या टच पॅनेलच्या बाजूला एक खाच असते आणि प्लेअर त्यात पाटीसारखा सरकवतात. २०१०मध्ये इंटेलनं मांडलेली ही ओपीएस (ओपन प्लगेबल स्पेसिफिकेशन) पद्धत. आत ऐंशी पिनांचा एकच कनेक्टर असतो. वीज, चित्र, आवाज, यूएसबी सगळं त्यातूनच जातं, बाहेर एकही तार लोंबत नाही. त्या ऐंशींमध्ये दोन पिना सिरीयलच्या आहेत, एक बोलायची आणि एक ऐकायची.