फायटरचं शेपूट आणि ग्वाल्हेरचं पाणी

माशांच्या दुकानात बाकीचे मासे टाकीत असतात आणि फायटर प्लास्टिकच्या पेल्यात. पाव लिटर पाणी, वर भोकं पाडलेलं झाकण, फळीवर ओळीने मांडलेले पेले. गिऱ्हाईक विचारतं, एवढ्याशा पाण्यात हा जगतो कसा? दुकानदाराचं उत्तर ठरलेलं असतं: "अरे भैया, इसको हवा की मशीन भी नहीं लगती." हे अर्धं खरं आहे. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या कितीतरी घरांत फायटरचे पर झडतात ते उरलेल्या अर्ध्यामुळे.

फायटर, म्हणजे बेटा स्प्लेंडेन्स, मूळचा थायलंडचा. चाओ फ्राया नदीच्या खोऱ्यातली भातखाचरं आणि दलदली हे त्याचं घर. चार्ल्स टेट रीगन या ब्रिटिश मत्स्यशास्त्रज्ञाने १९१० साली त्याचं हे शास्त्रीय नाव ठेवलं आणि २०१९ मध्ये थायलंडने त्याला राष्ट्रीय जलचराचा मान दिला. भातखाचरातलं पाणी उथळ आणि कोमट, त्यात ऑक्सिजन कमी. तिथे तगून राहण्यासाठी या माशाच्या कल्ल्यांच्या वर एक खास अवयव असतो: घड्या पडलेला, बारीक रक्तवाहिन्यांनी भरलेला. त्याला लॅबिरिंथ म्हणतात. मासा वर येतो, तोंडाने हवेचा घोट घेतो आणि त्या घड्यांमधून ऑक्सिजन थेट रक्तात जातो. म्हणून हवेच्या मशीनवाचून त्याचं भागतं.

खाचर उथळ असलं तरी त्याचा पसारा मोठा असतो, हे मात्र पेल्यात भरणारे विसरतात. शिवाय लॅबिरिंथमुळे हवा आत घेण्याची सोय झाली, घाण बाहेर टाकण्याची झाली नाही. माशाच्या शरीरात प्रथिनं मोडली की अमोनिया तयार होतो आणि तो मुख्यतः कल्ल्यांतूनच पाण्यात झिरपतो. रक्तात जास्त आणि पाण्यात कमी, असा फरक असेल तोवरच हे झिरपणं चालतं. पेल्यातल्या पाण्यात अमोनिया साठत गेला की तो फरक मिटत जातो आणि विष आतच राहतं. मासा वर येऊन हवा घेत राहतो, जिवंत दिसतो, आणि घरातले म्हणतात, मस्त आहे की!

इथे आपल्या गावच्या पाण्याचा प्रश्न येतो. पाण्यात अमोनिया दोन रूपांत असतो: एक बराच निरुपद्रवी, दुसरं विषारी. कुठलं किती हे पाण्याच्या सामूवर, म्हणजे पीएचवर, आणि तापमानावर ठरतं. २५ अंश सेल्सिअसला सामू ७ असेल तर एकूण अमोनियापैकी साधारण अर्धा टक्का विषारी रूपात असतो. सामू ८ झाला की सुमारे ५ टक्के. म्हणजे तितक्याच घाणीत विष दहापट. तुमच्या घरी बोअरचं पाणी येत असेल आणि नळाच्या तोटीवर पांढरा थर धरत असेल तर पाणी जड आहे, आणि जड पाण्याचा सामू बहुधा ७च्या वरच असतो. तिघरा धरणातून येणाऱ्या नळाच्या पाण्याची अडचण वेगळी, त्यात क्लोरीन असतं. बादलीत उघडं ठेवलं तर दिवसभरात बरंचसं उडून जातं. घाई असेल तर दुकानात अँटी-क्लोरीन मिळतं. त्यात बहुतेक वेळा सोडियम थायोसल्फेट असतं, पूर्वी फोटो स्टुडिओवाले वापरायचे तोच हायपो.

आता पर कुजतात कसे ते पाहू. माशाचा पर म्हणजे हाडांच्या बारीक काड्यांवर ताणलेली पातळ कातडी. प्रत्येक काडी उसासारखी पेरापेरांची असते आणि वाढ टोकाला नवं पेर जोडून होते. अंगावर बुळबुळीत श्लेष्माचा थर असतो, तो जंतूंना अडवतो. एरोमोनास, स्यूडोमोनास हे जीवाणू स्वच्छ टाकीतही असतात, ते बाहेरून कुणी आणत नाही. अमोनियाने श्लेष्मा आणि कातडी दुखावली, थंडीने किंवा ताणाने प्रतिकारशक्ती खालावली, की हेच जीवाणू पराच्या कडेला घर करतात. कड काळपट, लालसर किंवा पांढुरकी होते, चिंध्या लोंबतात आणि झीज हळूहळू अंगाकडे सरकते.

फाटलेला प्रत्येक पर कुजलेला नसतो. सरळ चीर पडली असेल आणि कडेचा रंग नेहमीचाच असेल, तर प्लास्टिकच्या झाडाने किंवा शोभेच्या किल्ल्याने ओरबाडलं असणार. जुनी शिफॉनची ओढणी त्या वस्तूवरून फिरवून पाहा. धागा अडकला तर ती वस्तू टाकीतून काढा. रात्रीत शेपटीचा अर्धगोल तुकडाच गायब झाला असेल तर तो माशाने स्वतःच तोडलेला असू शकतो. लांब परांच्या जातींना ही खोड असते. आणि कडेला काचेसारखी पारदर्शक पट्टी दिसली तर औषधाच्या बाटलीला हातही लावू नका. तो नवा पर आहे, रंग नंतर भरतो.

पर पुन्हा उगवतात हे ब्रूसोने या फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञाने १७८६ मध्येच नोंदवलं होतं. आज प्रयोगशाळांमध्ये हे काम झेब्राफिशवर चालतं, जो आपल्याच गंगेच्या खोऱ्यातला मासा. त्याच्या शेपटीचा पर कापला की दिवसाभरात जखमेवर कातडीचं टोपण चढतं. मग त्याखाली प्रत्येक काडीच्या टोकाशी पेशींचा एक गोळा जमतो, त्याला ब्लास्टेमा म्हणतात. काडीतल्या हाड घडवणाऱ्या पेशी आपलं काम सोडून मागच्या, कोवळ्या अवस्थेत जातात, विभागतात आणि पुन्हा हाड घडवायला लागतात. सगळ्यात नवल मापाचं आहे. बुडाजवळ कापलेला पर भराभर वाढतो, टोकाशी कापलेला सावकाश, आणि दोन्ही जवळपास एकाच वेळी मूळ लांबीला येऊन थांबतात. किती गेलं हे पेशींना कळतं कसं, यावर अजून संशोधन चालू आहे. पोटॅशियमची ये-जा सांभाळणाऱ्या वाहिन्यांचा यात हात आहे, कारण त्यांच्या जनुकात बिघाड झालेल्या झेब्राफिशचे पर वाढतच राहतात.

पण हा वेग उबेवर अवलंबून आहे. झेब्राफिशचा पर २८ अंशांच्या आसपास दोनेक आठवड्यांत बराचसा भरून येतो. थंड पाण्यात तेच काम रेंगाळतं. फायटरला २४ ते २८ अंश मानवतात. आणि ग्वाल्हेरात जानेवारीच्या रात्री पारा ५ अंशांच्या आसपास उतरतो, तर मे-जूनमध्ये ४५ गाठतो. इथल्या थंडीत हीटर हा शौक नाही, गरज आहे. हिशोब करून पाहा: ५० वॉटचा हीटर २० लिटर पाणी १० अंशांनी तापवायला, वाटेत उष्णता अजिबात गळली नाही तरी, साडेचार तासांवर घेतो. म्हणजे पाणी चढतं सावकाश, ते माशाला बरंच. पण रात्री लाइट गेली तर टाकीला गोधडी गुंडाळावी लागते. झाकण बाराही महिने हवं. फायटर उडी मारतो, आणि झाकणाखालची हवा उबदार राहिली तर त्याचा हवेचा घोटही गारठलेला नसतो.

उन्हाळ्याची गंमत उलटी. गच्चीवरच्या टाकीतलं दुपारचं पाणी थेट मत्स्यपेटीत ओतणं म्हणजे मासा उकडणंच. आदल्या रात्री भरून ठेवलेलं पाणी वापरा. छोटा टेबलफॅन पाण्यावर मारला की आपल्या कोरड्या हवेत बाष्पीभवनाने पाणी दोन-तीन अंश सहज उतरतं. खिडकीतला कूलर खोलीत हेच करतो.

टाकी १५-२० लिटरची, आत हळू चालणारा स्पंज फिल्टर. स्पंजवर वाढणारे जीवाणू अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग बऱ्याच कमी घातक नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. ही वसाहत उभी राहायला चार ते सहा आठवडे लागतात, आणि रविवारी सगळं काढून नळाखाली लख्ख घासणारे लोक ती दर आठवड्याला बुडवतात. आठवड्याला पाव भाग पाणी बदला, स्पंज त्याच काढलेल्या पाण्यात पिळा. मासा मांसाहारी आहे, त्याला दाणे मोजून घाला. आजी प्रेमाने पोळीचा चुरा टाकते, तो मासा खात नाही, पाणी मात्र खातं.

पर कुजताना दिसले तर सुरुवातीला रोज थोडं स्वच्छ, तितक्याच तापमानाचं पाणी बदलणं हाच मुख्य उपचार. सोबत लिटरला एक ग्रॅम साधं मीठ चालतं. त्यातला क्लोराइड कल्ल्यांशी नायट्राइटला अडवतो. मीठ उडून जात नाही, त्यामुळे पुढच्या वेळी बदललेल्या पाण्यापुरतंच घाला. देशी बदामाची वाळलेली पानं दुकानात मिळतात. त्यातलं टॅनिन पाणी चहाच्या रंगाचं आणि किंचित आम्ल करतं. पण जड पाण्यात दोन पानांनी सामू फारसा हलत नाही, हे दुकानदार सांगत नाही.

मेडिकलमधून टेट्रासायक्लिनची कॅप्सूल आणून पाण्यात सोडण्याचा उद्योग मला सगळ्यात खटकतो. जड पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम ते औषध बांधून ठेवतं. माशाला त्यातलं फार थोडं मिळतं, आणि उरलेलं औषध जीवाणूंना प्रतिकाराची शिकवणी देतं. अपवाद एकच: कडेला किंवा पाठीवर पांढरट, कापसासारखे डाग आले आणि दिवसागणिक पसरू लागले, तर तो कॉलमनॅरिस हा जीवाणूंचा रोग असू शकतो. तो उबेत उलट जोर धरतो, त्यामुळे तेव्हा हीटर वाढवू नका आणि माशांची माहिती असलेला पशुवैद्य गाठा.

नवा फायटर घेणार असाल तर माझं मत आखूड परांच्या प्लाकाटकडे झुकतं. हाफमूनची १८० अंशांत उघडणारी शेपटी दिसते देखणी, पण ती ओढत पोहताना मासा दमतो, ती अडकते, फाटते आणि तो स्वतःही ती कुरतडतो. पेला उचलून उजेडात धरा. पर अंगाशी मिटलेले आहेत की मोकळे, कड कशी आहे, बोट दाखवल्यावर तो कल्ले फुलवून अंगावर येतो का, एवढं पाहायला मिनिटभर पुरतं. आणि त्या दिवशी नुसती टाकीच घरी नेलीत, तर दुकानदार नाराज होईल, पण महिनाभराने आणलेला मासा तयार पाण्यात उतरेल.