टोकियोत छापलेला ताजमहाल

चार्ल्स बार्टलेट १८६० साली इंग्लंडमधल्या डॉर्सेटमध्ये जन्मला, लंडन आणि पॅरिसला चित्रकला शिकला. पण त्याने काढलेला ताजमहाल, बनारस, उदयपूर आज मिरवतात ते जपानी छापचित्रांच्या संग्रहांत.

१९१३ मध्ये तो पत्नीसह पूर्वेच्या प्रवासाला निघाला आणि भारत, सिलोन पाहत १९१५ मध्ये जपानला पोहोचला, तेव्हा त्याच्याकडे भारतातल्या चित्रांचा साठा होता. टोकियोतले प्रकाशक वतानाबे शोझाबुरो अशाच चित्रकारांच्या शोधात होते. फोटोग्राफी आणि शिळाछपाई आल्यापासून लाकडी ठशांवर चित्रं छापण्याचा धंदा बसला होता, कसबी हातांना काम उरलं नव्हतं. १९१५ मध्येच त्यांनी फ्रिट्झ कापेलारी या ऑस्ट्रियन चित्रकाराची चित्रं छापून पाहिली होती. १९१६ मध्ये बार्टलेटची भारतातली आणि जपानमधली दृश्यं बाहेर आली.

यात बार्टलेटने लाकडाला हात लावला नाही. चित्र त्याचं; चेरीच्या फळ्या कोरणारा वेगळा, छापणारा वेगळा आणि पैसा प्रकाशकाचा. रेषांची एक मुख्य फळी, मग रंगांसाठी वेगवेगळ्या फळ्या. कागद दर वेळी नेमका त्याच जागी बसावा म्हणून फळीच्या कडेला खाचा ठेवतात. मग बांबूच्या पानात गुंडाळलेली चपटी चकती, बारेन, कागदाच्या पाठीवर दाबून फिरवतात. म्हणून असं चित्र हाती आलं की मी आधी ते उलटं करायला सांगेन. रंग तंतूंमधून मागे झिरपलेला असतो आणि तिरप्या उजेडात बारेनचे गोल फेरे दिसतात. यंत्रावर छापलेल्या नकलेची पाठ कोरी असते. चित्रावर कोरलेल्या सालावर मात्र विसंबू नये. ठसा नंतर कधीही वापरला, तरी साल तेच उमटतं.

वतानाबेंकडे १९२० पासून आपली चित्रं छापून घेणारे जपानी चित्रकार योशिदा हिरोशी पुढे स्वतः भारतात आले. १९३१-३२ च्या त्यांच्या भारतमालेत ताजमहाल तर आहेच, आपलं अजिंठाही आहे.

बार्टलेट १९१७ मध्ये होनोलुलूला गेला, तो १९४० मध्ये मरेपर्यंत तिथेच राहिला. १ सप्टेंबर १९२३ च्या भूकंपानंतर टोकियोत आग पसरली, तीत वतानाबेंचं दुकान, ठसे आणि छापलेला साठा जळाला. त्याआधी ज्या प्रती गिऱ्हाइकांच्या घरी पोहोचल्या होत्या, त्या वाचल्या. भूकंपाआधीची प्रत म्हटली की संग्राहक जास्त पैसे मोजतो, ते यामुळे.